कंदपिकांची कूज आणि सुगंधी तेलें

श्रावण सरून भाद्रपदाचे ढग शेतावर बसले कीं हळदीच्या व आल्याच्या बागाइतदारांच्या पोटांत भीतीचा गोळा येतो. कालपर्यंत हिरवीगार दिसणारीं पानें कडांकडून पिवळीं पडूं लागतात, बुंधा जमिनीलगत मऊ व पाणथळ होतो, आणि ओढतांच अलगद हातांत येतो. खालचा गड्डा दाबून पाहावा तर बोटांस दुर्गंधी चोथा लागतो. हीच कंदकूज. महसुली चाकरींत पीकपाहणीच्या निमित्तानें असले कित्येक वाफे आम्हीं कागदावर उतरविले. परंतु घरच्या वीस गुंठ्यांत ती शिरली, तेव्हां त्या रकान्यांतील आंकड्यांचा खरा अर्थ आम्हांस कळला.

अलीकडे ओवा, लवंग, गवती चहा इत्यादिकांच्या तेलांच्या कुप्या ‘निर्विष औषध’ म्हणून खेड्यापाड्यांतून विकल्या जातात. त्यांनीं कूज थांबते काय, असें आमचे शेतकरी बंधू वारंवार विचारतात. याचें उत्तर एका शब्दांत देतां येण्यासारखें नाहीं.

प्रथम तेल कोणतें तें ओळखावें. करडई, तीळ व निंबोळी यांचीं तेलें स्थिर होत. तीं घाण्यांतून निघतात व कागदावर त्यांचा डाग कायम राहतो. सुगंधी तेलें उडून जाणारीं असून तीं वाफेच्या साह्यानें ऊर्ध्वपातन करून काढतात. त्यांचा थेंब कागदावर टाकला असतां कांहीं वेळानें डाग बहुतांशीं नाहींसा होतो. तेलकट डाग मागें राहिल्यास आंत स्थिर तेलाची भेसळ आहे असें खुशाल समजावें. कुपी विकत घेण्यापूर्वीं एवढी परीक्षा कोणासही करतां येईल. निंबोळीचें तेल उपयुक्त आहे, पण तें या वर्गांतलें नव्हे.

ओव्याच्या तेलाचा मुख्य अंश थायमॉल, म्हणजे आपल्या घरोघरीं ठाऊक असलेलें ओव्याचें फूल. पहिल्या महायुद्धापूर्वीं आपला ओवा जर्मनींत जात असे व तेथें त्यापासून थायमॉल निघे. १९१४ सालीं युद्ध जुंपलें व तो मार्ग बंद झाला, तेव्हां तें येथेंच काढण्याची निकड लोकांस भासली. लवंगेच्या तेलांत युजेनॉल व गवती चहाच्या तेलांत सिट्रल हे अंश प्रमुख असतात. बुरशीच्या प्रत्येक पेशीभोंवतीं स्निग्ध द्रव्याचें एक सूक्ष्म आवरण असतें. हीं द्रव्यें त्यांत शिरून त्यास भोंकें पाडतात, आणि पेशींतील रस बाहेर झिरपून ती मरते. प्रयोगशाळेंतील काचेच्या बशींत हें हमखास घडतें.

शेत म्हणजे मात्र कांहीं काचेची बशी नव्हे. तेल जमिनींत पडतांच त्याचा कांहीं भाग उडतो, कांहीं मातीस चिकटतो, व उरलेला जमिनींतील जंतु फस्त करतात. शिवाय हळदीची कूज करणारा पिथियम हा पाण्यांत वाढणारा जीव असून त्याचीं बीजें साचलेल्या पाण्यांत अक्षरशः पोहत एका गड्ड्याकडून दुसऱ्याकडे जातात. हळदीच्या अंगांत स्वतःचें सुगंधी तेल थोडेंथोडकें नाहीं, तरीही ती कुजतेच, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

आतां आमचा अनुभव. पहिल्या वर्षीं आम्हीं ओव्याचें तेल नुसतें पाण्यांत ओतून त्यांत बेणें बुडविलें. तेल वर तरंगलें, वरच्या गड्ड्यांस तें निव्वळ लागलें, त्यांचे डोळे जळाले व दोन वाफे उगवलेच नाहींत. बेण्याचे पैसे गेले तें निराळेंच. घरच्या मंडळींचें बोलणें अजून संपलेलें नाहीं! दुसऱ्या वर्षीं दहा मिलिलिटर तेल रिठ्याच्या दाट पाण्यांत चांगलें घोटून मग दहा लिटर पाण्यांत मिसळलें. त्यांत निवडक बेणें वीस मिनिटें ठेवून सावलींत सुकविलें, आणि अर्धें बेणें मुद्दाम तसेंच लाविलें. तेलाच्या बेण्यावर लावणीपर्यंत बुरशी कमी दिसली व उगवणही एकसारखी झाली. परंतु भाद्रपदांत शेताच्या खालच्या अंगास, जेथें पाणी तुंबलें, तेथें दोन्ही भाग सारखेच कुजले. तिसऱ्या वर्षीं आम्हीं त्या बाजूस चर खणला, वरंबे उंच केले, आणि कूज पुष्कळच आटोक्यांत आली. एका शेतावरील हा अनुभव आहे. त्यास यापेक्षां अधिक वजन देऊं नये.

ज्यांस ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी शेणखतांतून घालावयाची असेल, त्यांनीं ती या तेलाबरोबर मिसळूं नये. तेल मित्र व शत्रु असा भेद करीत नाहीं.

बंद जागेंत मात्र हीं तेलें खरी करामत दाखवितात, कारण तेथें त्यांची वाफ कोंडून राहते. नेदरलँड्समध्यें विसाव्या शतकाच्या अखेरीसच कॅरवे नांवाच्या विलायती जिऱ्यांतील कार्व्होन हें द्रव्य बटाट्याच्या कोठारांत वापरांत आलें; त्यानें कोंब रोखले जातात व कंदांवरील कांहीं बुरशींसही आळा बसतो. युरोपीय संघानें २०१९ सालीं क्लोरप्रोफॅम या कोंबरोधक रसायनाची मान्यता पुढें चालविली नाहीं, आणि २०२० च्या ऑक्टोबरांत त्याचा वापर तेथें थांबला. तेव्हांपासून पुदिन्याच्या जातीच्या तेलाचें धुकें कोठारांत सोडण्याच्या रीतीस अधिक महत्त्व आलें. आपल्याकडील बटाट्याची अरण हवेशीर असते, तींत वाफ टिकत नाहीं. म्हणून हा खर्च तेथें करूं नये. ढिगावर घाणेरीचीं किंवा निलगिरीचीं वाळलेलीं पानें पसरावीं. त्यांनीं निदान पाकोळीचा उपद्रव कमी होतो. बेण्याच्या बटाट्यांस तर कोंबरोधक तेलाचा वाराही लागूं देऊं नये.

ज्यांस पुढील अक्षय्य तृतीयेच्या सुमारास बेण्यावर तेल वापरून पाहावयाचें असेल, त्यांनीं आधीं दहा-वीस गड्डे बुडवून त्यांचे डोळे फुटतात कीं नाहीं तें आठ-पंधरा दिवस पाहावें, आणि शेताच्या उंच व सखल अशा दोन्ही अंगांस एकेक सरी तेलावांचून ठेवावी.