उतरलेला पियानो चढवताना

अंधेरीतील जुन्या ख्रिस्ती घरांत, संगीतवर्गांत आणि ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओंत असलेल्या पियानोंना मुंबईची हवा सुखाने राहू देत नाही. पावसाळ्यातील दमटपणाने ध्वनिफलक, म्हणजे तारांची कंपने मोठी करणारी लाकडी फळी, फुगते आणि सूर चढतो, तर हिवाळ्यात व वातानुकूलित खोलीत ती आकसून सूर उतरतो. त्यात वाद्य वर्षानुवर्षे लावलेच नाही, तर १९३९ च्या लंडन परिषदेने सेकंदाला ४४० कंपनांवर ठरवलेला मधल्या सप्तकातील ‘ए’ ४३२ च्या आसपास येतो. ही घट सुमारे ३० सेंट, आणि सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.

एवढासा फरक भरून काढणे सोपे वाटते; परंतु पियानोच्या सुमारे २३० तारांचा एकत्रित ताण १८ टनांच्या घरात असतो आणि ३० सेंट चढवताना त्यात सहाशे किलोंची भर पडते. हा भार घोडीवाटे, म्हणजे तारांखालच्या आधारपट्टीवाटे, ध्वनिफलकावर येतो, फलक किंचित दबतो आणि खाटेची नवार एकीकडे ओढली की दुसरीकडे सैल पडावी, तशा आधी लावलेल्या तारा पुन्हा उतरतात. म्हणून जाणकार ट्यूनर पहिल्या फेरीत प्रत्येक स्वर मुद्दाम चुकीचा, घटीच्या साधारण चौथ्या हिश्शाने वर लावतो: ३० सेंट उतरलेली तार सात-आठ सेंट चढी ठेवली जाते, वरच्या सप्तकांत हे प्रमाण वाढते, तर तांब्याने मढवलेल्या खर्जाच्या तारांत कमी होते. एका स्वराच्या तीन तारांपैकी कडेच्या दोन नमद्याच्या पट्टीने मुक्या करून मधली लावायची, मग पट्टी काढून उरलेल्या तिच्याशी जुळवायच्या, आणि कोठेही न रेंगाळता पुढे जायचे, कारण सूक्ष्म जुळणी दुसऱ्या फेरीचे काम आहे. पुढे होणाऱ्या घसरणीचा अंदाज आधीच बांधून त्याच्यावरच अचूकता उभारणारे हे कौशल्य खरोखर थक्क करणारे आहे.

मात्र समुद्राजवळच्या घरांत तारांवर गंज चढलेला असतो, आणि गंजाने घट्ट धरलेली तार थेट ताणल्यास तुटू शकते. तेव्हा ती आधी केसभर सैल करून मगच चढवावी लागते. त्याहून अवघड दुखणे तारा ताणून धरणाऱ्या खुंट्यांचे: त्या ज्या फळीत बसवलेल्या असतात ती तडकली किंवा भोके ढिली झाली, तर चढवलेला सूर टिकत नाही. असा पियानो उतरल्या पट्टीतच आपल्याआपल्यात जुळवून एकट्याने वाजवता येतो, पण बासरीच्या साथीला बसवायचा तर जाड खुंट्या घालणे किंवा फळीच बदलणे भाग पडते.