द्राक्षवेलीतील अळी आणि आईकडचा वारसा

नान्नज असो की पंढरपूरजवळचे कासेगाव, वेलीच्या बुंध्याशी भुसा दिसला की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. आत खोडकिडा शिरलेला असतो. खोड चिरले तर पांढरट, जाडसर अळी हाती लागते. पण ती कोणत्या भुंगेऱ्याची?

महाराष्ट्रातल्या द्राक्षवेलींत लांब मिशांच्या दोन भुंगेऱ्यांचा उपद्रव आढळतो. सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर हा बाभळीची मुळे पोखरणारा, जिवंत लाकडावर वाढणारा. स्ट्रोमॅटियम बार्बाटम एरवी वाळलेल्या लाकडात, घरच्या फर्निचरमध्येही राहतो. म्हणजे एकाचा धोका बांधावरच्या बाभळीतून, तर दुसऱ्याचा रचून ठेवलेल्या जुन्या लाकडातून. प्रौढ भुंगेरे वेगळे ओळखता येतात. अळ्या मात्र सामान्य नजरेला सारख्याच दिसतात.

इथे तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया मदतीला येतात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या भागाकडे स्वतःचा छोटा, वर्तुळाकार डीएनए असतो. माणसाच्या या डीएनएत १६,५६९ अक्षरे आहेत. १९८१ मध्ये केंब्रिजला तो प्रथम पूर्ण वाचला गेला. भुंगेऱ्याचा साधारण १५ ते १६ हजार अक्षरांचा असतो आणि जनुके आपल्याइतकीच, ३७! पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्याने अळीचा लहानसा तुकडाही पुरतो. त्यातले एक जनुक जातीची ओळख पटवणारा 'बारकोड' म्हणून वापरावे, असे कॅनडाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये सुचवले.

पूर्ण वर्तुळ वाचले तर कुळाचा इतिहासही उलगडतो. पिढ्यान्‌पिढ्या त्यात बदल साचत जातात. फरक जितके कमी, तितके नाते जवळचे. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या तीस हजारांहून अधिक जाती आहेत. वरचे दोघे त्यांतल्या वेगवेगळ्या उपकुळांतले. एकच वेल पोखरत असले तरी ते सख्खे भाऊ नव्हेत. दोघे स्वतंत्र वाटांनी द्राक्षापर्यंत आले.

हा वारसा मात्र फक्त आईकडून येतो. तरुण रुग्णाची नजर अचानक मंदावली की आम्ही विचारतो, 'मामाची दृष्टी कधी गेली होती का?' कारण लेबर नावाचा दृष्टिचेतेचा विकार याच डीएनएतल्या दोषामुळे होतो. बाधित मामा तो आपल्या मुलांना देत नाही. त्याची बहीण देऊ शकते. भुंगेऱ्यांतही वडिलांची बाजू इथे दिसत नाही. म्हणून कुळाच्या फार जुन्या फांद्या ठरवताना शास्त्रज्ञ पेशीकेंद्रातील जनुकेही तपासतात. एकाच तपासणीवर निदान करू नये, हे दवाखान्यात जितके खरे, तितकेच इथेही.

बागायतदारांना एक सांगणे: औषध टोचण्याआधी अळी बाटलीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. डीएनए तपासायचा असेल तर ती तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मालिनमध्ये नको; त्याने डीएनए खराब होतो. रोग ओळखला तर अर्धे काम झाले, हे वेलीलाही लागू आहे.