कोंबडीला घाम येत नाही

मे महिन्यातली रात्र. पनवेलमध्ये पंख्याखालीही सदरा पाठीला चिकटलेला. आणि बाहेरच्या एखाद्या पोल्ट्रीत बल्ब पेटवून पिल्लांना शेकणं चालू असतं! पिल्लू जेमतेम ४० ग्रॅमचं, अंगावर नुसती लव. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश लागतात. पिसं येईपर्यंत अंगची ऊब त्याला राखता येत नाही. थर्मामीटर टांगलेला असतो, पण जुना पोल्ट्रीवाला पिल्लांकडेच बघतो. बल्बखाली ढीग झाला तर गारठलीत, कडेला पळाली तर उकडतंय, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसरीकडून वारा लागतोय.

महिनाभरात सगळं उलटतं. आता अंगावर पिसांची रजई, शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास आणि घामाच्या ग्रंथी मुळीच नाहीत. मग कोंबडी चोच उघडून धापा टाकते, मिनिटाला दोनशेच्या वर. घशातला ओलावा वाफ होऊन उडतो, तेवढाच गारवा. विदर्भाच्या कोरड्या उन्हात फॉगरचे फवारे छान कामी येतात. पनवेलची हवा आधीच ओलीचिंब. तिच्यात आणखी वाफ मावणार कुठे? इथे पाण्यापेक्षा वारा मोलाचा. म्हणून उघडी शेड पूर्व-पश्चिम लांब आणि रुंदीला तिसेक फुटांच्या आत बांधतात: ऊन आत येत नाही, वारा आरपार जातो. दुपारचा खारा वारा पडला की पंखे लावावेच लागतात.

पावसाळ्यात वेगळीच पंचाईत. पडदे गच्च लावले की खालचा भाताचा तूस ओलावतो, विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात. म्हणून पडदा खालून पक्का आणि वरून उघडणारा हवा. झोत पिल्लांना लागत नाही, कोंदट हवा वरून निघून जाते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते अंड्याचं. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातला कार्बोनेट रक्तात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून येतो. धापा टाकणारी कोंबडी तोच वायू भराभर बाहेर टाकते. उन्हाळ्यात अंड्याचं कवच पातळ होतं ते यामुळेही. त्यावर उपाय घरातल्या डब्यातलाच: पिण्याच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा.