हिशेबाची खोली आणि घरातील लहान मुले

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ओसरीलगत एक लहानशी हिशेबाची खोली असते. टेबल, खुर्ची, लोखंडी कपाट, उसाच्या बिलांची फाईल, सोसायटीचे पासबुक, आणि आता बऱ्याच ठिकाणी संगणकही. शेतकऱ्याची कचेरी ती हीच. पण शहरी कचेरीत नसणाऱ्या काही वस्तू तिथे असतात. टेबलाखाली उरलेल्या औषधाची बाटली, कोपऱ्यात तणनाशकाचा डबा. दुकानातून बिलाबरोबर माल आला आणि बिलाशेजारीच राहिला! रांगणारे मूल मात्र आधी टेबलाखालीच पोचते.

म्हणून शेतीची औषधे या खोलीत ठेवूच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. राहत्या घराबाहेर, धान्य आणि पेंडीपासून दूर, कुलूपबंद पेटीत ती ठेवावीत व किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे प्रत्येक डब्यावर रंगीत चिन्ह असते. लाल म्हणजे अत्यंत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा व हिरवा. हिरवा रंग पाहून निर्धास्त होऊ नये, तेही विषच.

उरलेले औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवण्याची खोड तर सोडलीच पाहिजे. मुलाला लेबल वाचता येत नाही, बाटली मात्र ओळखता येते. पॅराक्वाट या तणनाशकाचा एखादा घोटही जिवावर बेततो आणि त्यावर उतारा नाही. औषध चोळलेले बियाणेही विसरू नये. ते गुलाबी, लाल रंगवलेले असते, आणि लहानग्याला गोळ्यांसारखे दिसते. धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्यानेही विषारी वायू सोडतात. त्या घरात नकोतच.

आता टेबलावरचे पाहू. कॅल्क्युलेटर, लहान वजनकाटा, रिमोट यांत बटणासारखा चपटा सेल असतो. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू लागते. मूल सुरुवातीला हसतखेळत असते, म्हणून घरचे ‘बघू उद्या’ म्हणतात. तसे करू नये. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्यावे. सेलचे झाकण स्क्रूने बसणारे असावे. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून मगच टाकावा.

कपाट भिंतीला पट्टीने जखडावे, कारण खालचे खण ओढून मुले त्यावर चढतात. वायर टेबलाच्या मागच्या बाजूने न्यावी. टाचण्या, ब्लेड आणि शाई वरच्या खणात.

एवढे करूनही मुलाच्या तोंडात औषध गेलेच, तर उलटी करवू नये. मिठाचे पाणी पाजण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, पण मिठाच्या पाण्यानेच मुले दगावू शकतात. रॉकेल पोटात गेल्यावर उलटी झाली तर ते फुप्फुसात उतरते. तोंड पुसावे, औषध लागलेले कपडे काढून अंग साबणाने धुवावे, आणि लेबलासकट बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला देते. हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून त्याच खोलीच्या भिंतीवर, घरच्या बायामाणसांनाही दिसेल असा चिकटवावा.