इंजिन १७० घोड्यांचं, पण पांदण रस्त्यावर चालतं ते चाकाच्या पकडीचं

देडतलाई | प्रतिनिधी

पावसाळ्यात आपल्या भागात गाडी फसणं ही काही बातमी नाही. तापीच्या खोऱ्यातली काळी माती, शेताकडे जाणारे पांदण रस्ते, आणि धारणी सोडली की हरिसाल, सेमाडोह, घटांगपर्यंत मेळघाटाची वळणं. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला 'चारही चाकांची गाडी' म्हटलं की कान टवकारावेसे वाटणारच. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हीवरचा कर ५० टक्क्यांवरून ४० वर आला आणि जुन्या गाड्यांचे भावही ढिले पडले. तेव्हापासून चहाच्या टपरीवर एकच चर्चा ऐकू येते. टर्बो असलेली फोर बाय फोर घेतली की चिखल आणि घाट दोन्हींचा प्रश्न मिटला, असं छातीठोक सांगणारे बरेच आहेत.

अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं महागात पडणारं आहे, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

उदाहरणाला आपल्या मराठी मुलखातलीच गाडी घेऊ, जीप कंपास. नाव अमेरिकेचं, पण ती २०१७ पासून पुणे जिल्ह्यात रांजणगावच्या एमआयडीसीत बनते आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या तिथून परदेशातही गेल्या. जुलै २०१७ मध्ये बाजारात आली तेव्हा सुरुवातीची किंमत १४ लाख ९५ हजार होती. तिचं दोन लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. तेच इंजिन टाटाच्या हॅरियरला आणि एमजीच्या हेक्टरलाही लागलं. म्हणजे तीन कंपन्यांच्या गाड्या, इंजिनाचं घराणं एक. पण या तिघींपैकी त्या डिझेल इंजिनाची ताकद चारही चाकांना देण्याची सोय फक्त कंपासमध्ये मिळाली. हॅरियर चार चाकांनी चालू लागली ती २०२५ मध्ये, आणि तीही बॅटरीवरची.

टर्बो नेमकं काय करतो

इंजिनात डिझेल जाळायला हवा लागते. जितकी हवा जास्त, तितकं जास्त डिझेल नीट जळतं आणि तितकी ताकद मिळते. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं. टर्बोमध्ये सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक छोटी चक्री फिरते. तिच्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरी चक्री असते, ती बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. वाया जाणाऱ्या धुरातून कमाई करण्याची ही युक्ती स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची, १९०५ सालची. ही चक्री मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते. दाबलेली हवा तापते, म्हणून पुढे इंटरकूलर नावाची जाळी लावून ती थंड करतात.

याचा परिणाम आकड्यात पाहा. दोन लिटरच्या इंजिनातून सुमारे १७० हॉर्सपॉवर आणि ३५० न्यूटन मीटर टॉर्क. टॉर्क म्हणजे पिळण्याचा जोर, चढावर कामाला येतो तो हाच. पण हा पूर्ण जोर मिळतो १७५० ते २५०० फेऱ्यांच्या मध्ये. त्याच्या खाली धूर कमी, म्हणून चक्री मंद, म्हणून हवाही कमी. घाटातल्या आखूड वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये फेरे हजार-बाराशेवर आले की गाडी मेल्यासारखी वाटते, आणि मग एकदम उसळी मारते. ही खोड गाडीची नाही, सगळ्याच टर्बो गाड्यांत ती कमी-जास्त असते. उपाय जुन्या ड्रायव्हरांना ठाऊक आहे: वळणाच्या आधीच गिअर खाली घ्यायचा.

टर्बोचा आणखी एक फायदा उंचीवर होतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर आहे, तिथे हवा खालच्यापेक्षा दहाएक टक्के पातळ. साध्या इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते. टर्बो जास्त फिरून ती तूट बरीचशी भरून काढतो. लडाखच्या उंच खिंडींत हवा निम्म्यावर येते, तिथे हा फरक डोळ्यांत भरतो. आपल्याकडे तो जाणवेल एवढाच.

चार चाकं म्हणजे चार हात नव्हेत

आपल्याकडे 'जीप' हा शब्द वर्षानुवर्षे कुठल्याही उघड्या सवारी गाडीला वापरला जातो. त्यातल्या ज्या खऱ्या फोर बाय फोर होत्या, त्यांत वेगळा दांडा ओढला की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना लोखंडी बांधली जायची. आजच्या थारमध्येही तत्त्व तेच आहे, शिवाय अगदी हळू पण जोरकस चालणारा 'लो' गिअरही आहे. चिखलात हे उत्तम. पण कोरड्या डांबरावर तसं चालवू नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, दोन्ही बांधलेली असली की मधल्या शाफ्टला पीळ बसतो आणि काही ना काही तुटतं.

कंपासची रचना निराळी आहे. तिचं इंजिन आडवं बसवलेलं, गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालणारी. मागे जाणारा शाफ्ट आहे, पण साध्या रस्त्यावर तो सुटा करून ठेवतात, म्हणजे फुकट फिरण्यात डिझेल जात नाही. पुढचं चाक घसरतंय असं सेन्सरला कळलं की तेलातला एक क्लच आवळला जातो आणि मागची चाकं कामाला लागतात. ड्रायव्हरला कळतही नाही. २०१० पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जोडल्या जाणाऱ्या श्कोडा येतीच्या फोर बाय फोरमध्येही असाच क्लच होता. या पद्धतीत डांबरावर काही तुटायची भीती नाही. मात्र तासभर चिखलात चाकं फिरवत बसलात तर क्लच तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला काही वेळ काम थांबवतो.

आता हिशेब

मी कॉमर्सचा माणूस, त्यामुळे मला हे जमाखर्चात मांडलं की समजतं. नऊ गिअरच्या ऑटोमॅटिक कंपासचा पहिला गिअर इंजिनाचा जोर सुमारे २० पट करून चाकाला देतो. ३५० ला २० ने गुणा आणि चाकाच्या सुमारे ३५ सेंटिमीटर त्रिज्येने भागा. कागदावर ओढायची ताकद येते जवळपास दोन टन.

आता खर्चाची बाजू. माणसं धरून गाडीचं वजन १९०० किलो समजू. पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ, असा शेतातला बांध चढायचा आहे. त्याला साधारण ३७० किलोची ओढ पुरे. म्हणजे जमा दोन हजार, खर्च ३७०. मग गाडी फसते कशी?

कारण मध्ये चाकाची पकड नावाचा कारकून बसला आहे आणि तो ठरावीक रकमेपेक्षा जास्त पुढे जाऊ देत नाही. ओल्या मातीत चाकावर जेवढा भार, त्याच्या ३० टक्के पकड मिळते असं धरू. पुढच्या दोन चाकांवर ५५ टक्के भार, म्हणजे १०४५ किलो. त्याचे ३० टक्के ३१३. हवेत ३७०. गाडी जागेवर चाकं फिरवणार. उलट चढावर भार मागे सरकतो, त्यामुळे पुढच्या चाकांना ३१३ सुद्धा मिळत नाहीत. चारही चाकं ओढू लागली की हिशेब होतो १९०० चे ३० टक्के, म्हणजे ५७०. गाडी निघाली.

म्हणजे फोर बाय फोरने ताकद वाढवली नाही. होती तीच ताकद चार जागी वाटली. आणि खरी गोम पुढे आहे. काळी माती टायरच्या खाचांत भरली, किंवा टायर झिजून गुळगुळीत झाले, की ३० टक्क्यांचे १८ होतात. १९०० चे १८ टक्के ३४२. पुन्हा ३७० ला कमी. आता १७० घोडे असोत की ३००, फोर बाय फोर असो की नसो, शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. (चिखलात रुतलेलं चाक ओढायला लागणारा जोर मी धरलाच नाही, तो धरला तर हिशेब आणखी वाईट.)

म्हणून ३० लाखांच्या घरातल्या गाडीला जुने टायर ठेवून 'चारही चाकं चालतात ना' म्हणणाऱ्याचं मला नवल वाटतं.

उतारावर मात्र सगळ्या गाड्या सारख्या

हा भाग घाटात जाणाऱ्यांनी नीट वाचावा. फोर बाय फोर गाडीला पुढे ढकलते, थांबवत नाही. ब्रेक साध्या गाडीतही चारही चाकांना असतात. तेव्हा सेमाडोहच्या जंगलात वळणावर समोर सांबर आलं तर थांबायचं अंतर टायर, वेग आणि ओला रस्ता ठरवणार. उलट भीती वेगळीच. चार चाकांची गाडी ओल्या रस्त्यावर न घसरता वेग घेते, त्यामुळे रस्ता किती निसरडा आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही. कळतं ते ब्रेक मारल्यावर.

घेण्याआधी खाली वाकून बघा

जुन्या बाजारात 'कंपास' म्हणून दिसणारी प्रत्येक गाडी फोर बाय फोर नसते. पेट्रोल कंपास भारतात त्या रूपात आलीच नाही, आणि डिझेलमध्येही बऱ्याच गाड्या दोन चाकांच्या. बिल्ला बाजारात विकत मिळतो, त्यावर जाऊ नका. मागे वाकून बघा: दोन चाकांच्या मध्ये भोपळ्यासारखा गोळा आणि त्याला पुढून येणारा शाफ्ट दिसला पाहिजे. चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. दोन नवे, दोन जुने असले की चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि क्लचवर नाहक ताण येतो.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल गाडी असेल तर तिच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची काजळी धरणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून वीस-पंचवीस मिनिटं सलग वेगात चालावी लागते. ज्याचं रोजचं चालणं घर ते शेत एवढंच आहे, त्याची जाळी तुंबते आणि तिचा खर्च चांगलाच झोंबतो. अशा माणसाने डिझेलचा हट्ट धरावा का, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

कराचंही एक गणित आहे. चार मीटरच्या आत लांबी आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर जीएसटी १८ टक्के. तीन दारांची थार चार मीटरच्या आत बसते, पण तिचं फोर बाय फोर डिझेल इंजिन २२०० सीसीचं, म्हणून कर ४० टक्के. कंपास दोन्ही बाजूंनी बाहेर.

आणि सीमेवरच्या माणसाला हमखास नडणारी गोष्ट. अमरावतीची एमएच-२७ किंवा जळगावची एमएच-१९ गाडी स्वस्त मिळाली म्हणून आणली, आणि ती १२ महिन्यांपेक्षा जास्त मध्य प्रदेशात ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथला, म्हणजे बुऱ्हाणपूरचा एमपी-६८ नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी लागते, अर्ज फॉर्म २८ चा. कर्जाची गाडी असेल तर बँकेची संमतीही हवी. इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो, तिकडच्या उरलेल्या वर्षांचा परतावा वेगळा मागावा लागतो. सौदा करताना ही रक्कम गाडीच्या किमतीत मिळवूनच बघा, आणि एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.