मागे राखलेली फौज

पानिपतच्या पराभवाचे खापर आपण सहसा उपासमारीवर आणि विश्वासरावांना लागलेल्या गोळीवर फोडतो. दोन्ही गोष्टी घडल्या, हे खरेच. यमुनेचा पूर ओसरेपर्यंत शत्रू उतरणार नाही या भरवशावर सदाशिवरावभाऊ कुंजपुऱ्यावर चालून गेले. १७ ऑक्टोबर १७६० ला ते ठाणे पडले आणि महिना संपण्याआधीच अब्दाली बागपतपाशी नदी उतरून मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची उरलीसुरली आशाही संपली. पण एवढ्यावरून १४ जानेवारी १७६१ ला लढावे का लागले, ते कळते. त्या दिवशी हरलो का, ते कळत नाही. त्याचे उत्तर माझ्या मते असे की अब्दालीने ताजी फौज हाताशी राखली होती, भाऊंनी राखली नव्हती.

दुपारपर्यंतची लढाई पाहा. उपाशी माणसांनी डावीकडे इब्राहिमखान गारद्याच्या तोफा-बंदुकांच्या जोरावर रोहिल्यांची फळी फोडली. मध्यभागी भाऊंच्या हुजुरातीने अब्दालीचा वजीर शाहवलीखान याचे सैन्य उधळले. अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने तो वजीर जवळून पाहिला. अंगात चिलखत, घोड्यावरून उतरलेला, संतापाने तोंडात माती कोंबणारा आणि पळणाऱ्या आपल्याच स्वारांना हाका मारणारा. भुकेनेच निकाल ठरायचा असता, तर हे दृश्य दिसलेच नसते. अब्दाली मात्र या गर्दीत नव्हता. तो मागे राहून सारे रण पाहत होता. पळपुट्यांना अडवून परत लढायला लोटण्यासाठी त्याने नसकची धाडले आणि, काशीराजाच्या सांगण्याप्रमाणे, सुमारे दहा हजार स्वार वजिराच्या मदतीला पाठवले. सकाळपासून झुंजून थकलेल्या माणसा-घोड्यांवर ही ताजी लाट आदळली. भाऊ स्वतः हातघाईत होते. कुठली बाजू ढासळते आहे हे पाहणारा आणि तिथे माणसे पाठवणारा मराठ्यांकडे दुसरा कोणी उरलाच नव्हता.

विश्वासराव पडले नसते तर, असे कोणी म्हणेल. त्या एका मृत्यूने फौज विस्कटली, हे मान्य. पण पेशव्यांच्या थोरल्या मुलाला गोळीच्या टप्प्यात उभे करणे हाही निर्णयच होता, आणि ते पडल्यावर सावरायला मागे एकही ताजे पथक नसणे हाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हा आक्षेप अधिक वजनाचा वाटतो: बुणग्यांच्या ओझ्याखाली दबलेल्या छावणीत राखीव स्वार आणायचे कुठून? पण ते होते. उजव्या बगलेला शिंदे-होळकरांसमोर नजीबखान मातीचे आडोसे उभारत सावकाश पुढे सरकत होता आणि तिथे बराच वेळ निकराची लढाई झालीच नाही. तिथले घोडदळ मध्यावर वळवायला सर्वांना मान्य असा एकच हुकूम हवा होता, आणि तोच नव्हता. उदगीरच्या विजयानंतर गारद्यांच्या तोफा-बंदुकांनी लढण्याच्या पद्धतीवर भाऊंचा पूर्ण विश्वास बसला होता. गनिमी काव्यात मुरलेल्या मल्हारराव होळकरांना ती कधीच पटली नव्हती. हा मतभेद मिटण्याआधीच फौज रणात उतरली, आणि मध्य कोसळल्यावर होळकर आपली पथके घेऊन दिल्लीच्या रोखाने निघून गेले.