श्वासाचं यंत्र : भाग ११
गाईच्या फुप्फुसातले बांध

आज उंदराच्या फुप्फुसाचा दाब आणि हवा यांचा आलेख काढायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या आठवड्यात. नेवासे तालुक्यातल्या एका दूध उत्पादक वाचकाचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेववत नाही.

उन्हाळाभर कडब्यावर काढलेली त्यांची संकरित गाय पावसानंतर एकदम कोवळ्या हिरव्या चाऱ्यावर गेली. आठवड्याभरात ती धापा टाकू लागली. मान लांब केलेली, जीभ बाहेर, तोंडाला फेस, श्वास सोडताना कण्हणं. पाठीवरून हात फिरवला की कातड्याखाली चरचर. पशुवैद्यकांनी ‘एम्फिसिमा’ सांगितलं. वाचक विचारतात, विडी-सिगारेटचा आजार गाईला कसा?

आधी एक सांगतो. मांडीला किंवा फऱ्याला सूज, ताप, लंगडणं आणि तिथेच चरचर असेल तर तो फऱ्या रोग. तिथला वायू जंतू स्नायूतच तयार करतात, आणि तिथे एक तासही दवडू नये. या गाईच्या कातड्याखाली मात्र फुप्फुसातून निसटलेली हवा होती.

ती निसटली कशी? चाऱ्यातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून कोठीपोटातले जंतू थ्री-मिथाइलइंडोल बनवतात. ते रक्तातून फुप्फुसात पोचतं, तिथल्या पेशींची विकरं त्याचं जहाल रूप करतात आणि पेशी मरतात. अमेरिकेत कार्लसन, योकोयामा आणि डिकिन्सन यांनी १९७२ साली गाई-शेळ्यांना हेच रसायन देऊन हाच आजार घडवून दाखवला. चारा हळूहळू बदलायला सांगतात तो यासाठीच.

पण मला खरी ओढ आहे ती गाईच्या फुप्फुसाच्या रचनेची. शवविच्छेदनात ते हातात घेतलं तर पृष्ठभागावर पांढुरक्या रेषांचं जाळं दिसतं. कांद्याच्या वाफ्यांना बांध घालावेत, तशी प्रत्येक खंडिका जाड पडद्यांनी वेगळी केलेली असते. एका वाफ्यातली हवा शेजारच्यात जात नाही. कुत्र्यात नेमकं उलटं: १९३० च्या सुमारास व्हॅन ॲलन आणि सहकाऱ्यांनी कुत्र्याची एक श्वासनलिका बंद केली, तरी त्या भागात शेजारून हवा येत राहिली.

गाईला ही आडवाट नाही. नळी सुजली, गाय जोर लावून श्वास सोडू लागली की अडकलेल्या हवेचा दाब वाढतो, वायुकोश फुटतात आणि हवा थेट बांधात शिरते. बांधाबांधाने छातीच्या मध्यभागी, तिथून मानेत, पाठीच्या कातड्याखाली.

आता मागच्या भागातला, इलास्टेज हे विकर दिलेला हॅमस्टर आठवा. त्याच्या वायुकोशांच्या भिंती विरघळतात, फुप्फुस ढिलं पडतं, थोड्याशा दाबानेही फुगतं, पण स्वतःहून मिटत नाही. विडी ओढणाऱ्या माणसाचंही तेच होतं. गाईचं फुप्फुस मात्र पाण्याने आणि कोंडलेल्या हवेने जड, ताठ झालेलं असतं; तिला ते फुगवणंच जड जातं. नाव एक असलं तरी यंत्राचा बिघाड उलट्या टोकाचा आहे. म्हणून माणसाच्या एम्फिसिमासाठी ही गाय नमुना म्हणून चालत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरी बांधांचा हा प्रश्न आज माणसाच्या उपचारात कळीचा ठरलाय. ढिल्या, फुगलेल्या खंडाच्या नळीत एकमार्गी झडप बसवतात. हवा बाहेर पडते, आत येत नाही, तो खंड आक्रसतो आणि शेजारच्या बऱ्या भागाला जागा मिळते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये अशा झडपांना मंजुरी दिली. मात्र खंडांमधली भिंत अर्धवट असेल तर शेजारून हवा भरत राहते आणि झडप फुकट जाते. म्हणून आधी ती नळी छोट्या फुग्याने बंद करून त्या भागातून हवा येत राहते का, हे मोजतात. येत राहिली, तर त्या रुग्णाला झडप बसवत नाहीत.